अडतीसचे तीस

डोंबिवलीत मी राहतो त्या इमारतीत एकोणीस बिऱ्हाडं आहेत. गेल्या वीसेक वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी जिन्यात गाठून मला एकच प्रश्न विचारला आहे. "यंदा किती खोल गेलात?" खाली काय दिसलं, हे कोणी विचारत नाही. आकडा सांगितला की समाधान होतं आणि माणसं भाजीची पिशवी घेऊन वर जातात.

हा लेख एका आकड्याबद्दल आहे.

या अंकाच्या जुन्या वाचकांना मी ठाऊक आहे. सुट्टीवर आलेल्या लोकांना समुद्राखालचे खडक दाखवायला नेणं, हा माझा उतारवयातला धंदा. त्यातल्या गमती मी इथे दर दिवाळीला लिहीत आलो. यंदा संपादकांना आधीच कळवलं, की हसू येईल असं काही माझ्याकडे उरलेलं नाही. ते म्हणाले, तरी लिहा.

तर आधी एक दुरुस्ती. चार वर्षांपूर्वी याच अंकात मी लिहिलं होतं, 'खोल पाण्यात भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचाही एकदा चुकला आणि एक तरुण जीव गेला.' नाव लिहिलं नव्हतं. पण ठाण्यात ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ते वाक्य खोटं आहे. तो सहकारी म्हणजे जयवंत, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. त्याचा अंदाज चुकलेला नव्हता. मरण पावलेला तरुण निखिल, घोडबंदर रोडला राहणारा. आणि ज्याच्यामुळे हे झालं तो मी.

मी आणि जयवंत एकमेकांना भेटलो ते बंदरात. मी तिथे कायमचा पाणबुड्या, तो ठेक्यावर आलेला, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. काम म्हणजे उभ्या जहाजांच्या पोटाखाली जाऊन पंख्यात अडकलेले दोर कापायचे, गंज खरवडायचा. पाणी इतकं गढूळ, की स्वतःचा हात दिसत नसे. सगळं चाचपून. जयवंतच्या आजोबांची खाडीत होडी होती. गढूळ पाण्याची त्याला भीती नव्हती. तो म्हणायचा, "सर, आमच्या खाडीत डोले उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारकंच."

कोणत्या जहाजाच्या कोणत्या बाजूला काम, किती वेळ, हे मी प्लास्टिकच्या पांढऱ्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचो. पाण्यातही लिहिता येतं अशी ही पाटी, शाळेतल्या पाटीएवढी. एकदा मी 'डावी बाजू' लिहून दिलं. जयवंत आपला सहज पुटपुटत वाचायला लागला आणि थांबला. "सर, डावा पंखा तर चालू हाय." उजवी लिहायच्या जागी मी डावी लिहिली होती. तो पुटपुटला नसता, तर त्या दिवशी आम्ही दोघंही फिरत्या पंख्यात गेलो असतो.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. पाटी एकानं लिहायची, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची. स्वतः लिहिलेली स्वतः वाचायची नाही. दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पाटी लागू होत नाही, आणि पाटी लागू झाल्याशिवाय पाण्यात उडी नाही.

पन्नाशीत मी बंदर सोडलं, शिकवण्याचे परवाने मिळवले आणि जयवंतलाही बरोबर घेतलं. गाइड म्हणून लोकांना खाली नेता येईल असं कार्ड त्यानं मिळवलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची हौशी माणसं गोळा करायची, ठाण्याच्या तरणतलावात शिकवायचं, मग आठवडाभर अंदमानात. पहिल्यांदा स्वच्छ पाण्यात उतरलो तेव्हा वर येऊन जयवंत पाण्यातला चष्मा न काढताच होडीत बसला. मग म्हणाला, "एवढं सगलं होतं होय खाली. आपन आंधल्यासारके काम केलं."

लोकांना वाटतं, खोल जाणं म्हणजे धाडस. खरं काम घरी होतं, दोन महिने आधी. माझ्या डायनिंग टेबलावर बेटांचा नकाशा पसरलेला असे, आणि कोणता खडक कोणत्या दिवशी, कोण कोणाबरोबर, हे मी मांडत बसे. चहाच्या कपांचे डाग त्या नकाशावर अजून आहेत.

खोल डुबकीसाठी खडक निवडताना मी एक गोष्ट आधी बघायचो: त्याला तळ आहे का. काही खडक उतरत उतरत तीस मीटरवर वाळूला टेकतात. तिथे माणूस भांबावला, तरी वाळूच्या खाली जाऊ शकत नाही. दुसरे खडक भिंतीसारखे सरळ तुटलेले असतात. त्यांच्या कडेवरून खाली पाहिलं की नुसता निळा रंग. तिथे आपण किती खाली चाललोय ते कळत नाही, कारण नजरेला टेकायला काही नसतं. सुट्टीवर आलेल्या माणसाला भिंतीवर न्यायचं नाही, असं मी शिकवत आलो.

दुसरं, खोल डुबकी सकाळी, पहिली. उथळ नंतर. तिसरं, शेवटच्या दिवशी पाण्यात जायचं नाही. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो. नाहीतर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं अंगात होतं, आणि विमानात ते आणखी वाढतं. हे आमच्या लोकांना पटवणं महाकठीण. "सर, सकाळी एक मारून दुपारच्या विमानानं निघू की!" प्रत्येक सहलीत एक तरी असा.

आणि चौथं, नशा. तीस मीटरच्या आसपास हाच नायट्रोजन डोक्यात चढतो. काहींना भीती वाटते, बहुतेकांना मजा. ही नशा दाखवायला मी एक युक्ती काढली होती. होडीत प्रत्येकाकडून पाटीवर सतराचा पाढा लिहून घ्यायचा, मग तोच तीस मीटरवर लिहायला लावायचा. कल्याणच्या घाऊक बाजारातले एक धान्यवाले होते, तोंडी हिशेबात कॅल्क्युलेटरला हरवणारे. त्यांनी खाली सतरा चोक अडुसष्टपर्यंत बरोबर लिहिलं आणि सतरा पंचे समोर लिहिलं, 'गणपती'. वर आल्यावर पाटी बघून त्यांचा विश्वास बसेना. "हे जयवंतनं लिहिलंय!" जयवंत म्हणाला, "शेट, मी लिवलं असतं तर मोरया पन लिवला असता."

ही गोष्ट मी इथे पूर्वी एकदा सांगितली आहे. तेव्हा लोकांची पत्रं आली होती. पण धंदा शिकवणारा माणूस स्वतः कधी चुकतो ते मी लिहिलं नाही. मला खाली नव्हे, वरच नशा चढली होती.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आदल्या दिवाळीला माझा पहिला लेख या अंकात आला होता. त्यात मी एका जांभळ्या समुद्रपंख्याचं, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या पोवळ्याचं, वर्णन केलं होतं. पुरुषभर उंच, जाळीदार, भिंतीसारख्या खडकाला अडतीस मीटरवर आडवा फुटलेला. तो मी एकदाच, पहिल्या वर्षी पाहिला होता. लेख वाचून निखिलच्या वडिलांनी तो कापून मुलाला दिला. निखिल चौतिशीचा, आयटीतला, अतिशय लाघवी. ठाण्याच्या तलावात शिकला, दोन सहलींत बारा डुबक्या केल्या, तीस मीटरपर्यंतचं कार्ड मिळवलं. त्या सहलीआधी त्यानं मला घरी जेवायला बोलावलं. बाविसाव्या मजल्यावरून खाली घोडबंदरच्या गाड्यांची रांग दिसत होती. त्याची बायको सायली वाढत होती.

"काका, यादीत तुमचा पंखा नाहीये."

"तो अडतीसला आहे. तुझं कार्ड तीसचं."

"तीस काय, आता सगळेच जातात."

सायली म्हणाली, "काका, याला नाही म्हणा हं. हा ऐकतो फक्त तुमचं."

मी नाही म्हटलं. नकाशावर त्याच्यासाठी वाळूच्या तळाचा खडक लिहिला होता, तो तसाच ठेवला. इथपर्यंत मी बरोबर होतो.

अंदमानात तीन दिवस वारा होता. वाळूच्या तळाच्या त्या खडकावर पाणी ढवळून ताकासारखं झालं. बाकीच्या मंडळींना उथळ खडकांवर आनंद होता. निखिल गप्प गप्प असायचा. पाण्यात जायचा अखेरचा दिवस उद्यावर आला. रात्री जेवताना तो म्हणाला, "काका, भिंतीपाशी पाणी स्वच्छ आहे म्हणे." मग कातरण काढलं. लॅमिनेट करून आणलं होतं. माझाच लेख. त्यानं तो पंख्याचा परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, "सर, काय लिहिता हो तुम्ही!"

आता मागे वळून बघताना दुसरं काही सापडत नाही. त्या टाळ्यांमुळे मी हो म्हटलं.

सकाळी होडीत आम्ही तिघं आणि तिथला होडीवाला, ज्याला मराठी येत नव्हतं. बाकीची मंडळी दुसऱ्या फेरीला येणार होती. मला रात्रीपासून सर्दी झाली होती. चार मीटर खाली जाऊन पाहिलं, कान उघडेनात. डोक्यात खिळा ठोकल्यासारखं व्हायला लागलं, वर आलो. सहलीचा प्रमुख उतरू शकत नसेल तर खोल डुबकी रद्द, हाही माझाच नियम. मी होडीत बसून टॉवेलनं नाक पुसलं आणि पाटीवर लिहिलं: खोली ३८. वेळ ८ मिनिटं.

जयवंतनं पाटी घेतली. वाचली नाही.

"सर, अडतीस?"

"कडेवरून पंखा बघायचा, फोटो काढायचा, वर."

"तिथं तल नाय, सर. नि तुमी पन येत नाय."

"तू आहेस ना."

"मी हाय. पन याचं कार्ड तीसचं हाय."

निखिल हसला. "जयवंतदादा, आठ मीटर म्हणजे किती? आमच्या बिल्डिंगचे तीन मजलेसुद्धा नाहीत."

जयवंत माझ्याकडे बघत राहिला. त्याचा माझ्यावर विश्वास होता म्हणून, की वीस वर्षं माझं ऐकायची सवय होती म्हणून, मला माहीत नाही. मी म्हटलं, "वाच."

त्यानं वाचली. "खोली अडतीस. वेल आठ मिनिटं." आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. पाटी लागू झाली. योजनेची पाटी होडीतच ठेवायची असते, म्हणून त्यानं ती माझ्या हातात परत दिली आणि ते दोघं पाठीवर पडून पाण्यात गेले.

खाली काय झालं ते जयवंतनं नंतर सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. अडतीसवर निखिलला नशा चढली. कॅमेरा पुढे धरून तो भिंतीच्या कडेनं खाली, आणखी खाली जात राहिला, जसं कोणी त्याला बोलावतंय. जयवंतनं त्याला गाठलं तेव्हा मनगटावरच्या यंत्रानं शेहेचाळीस दाखवलं होतं. दंडाला धरून त्यानं निखिलला वर आणायला सुरुवात केली. पंचवीसच्या आसपास नशा उतरते, माणूस एकदम जागा होतो. निखिल जागा झाला आणि घाबरला. त्यानं हात हिसडला आणि श्वास धरून सरळ वर सुटला. वर येताना श्वास सोडत यायचं, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. कारण खालची हवा वर येताना फुगते आणि धरून ठेवली तर फुप्फुस फाटतं. त्याला हे माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

तो होडीपासून वीस हातांवर वर आला. तोंडाला लाल फेस. जयवंत त्याच्या मागोमाग वर आला, मध्ये कुठेही न थांबता. त्याचा डावा खांदा त्या दिवशी नायट्रोजननं जो गेला, तो पुढे कधी डोक्याच्या वर गेला नाही. धक्क्यापर्यंत पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ जयवंत त्याच दुखऱ्या खांद्यानं निखिलची छाती दाबत होता. "ऊठ रे बाला, ऊठ," असं म्हणत होता. ऑक्सिजनचं नळकांडं लावून देऊन झाल्यावर मला काही काम उरलं नव्हतं.

तेव्हा मी पाटी पाहिली. पायाशी पडली होती.

या पाटीवरची पेन्सिल पाण्यानं जात नाही. बोटानंही नाही. बारीक वाळूनं घासावी लागते. होडीच्या तळाशी वाळू असतेच. जयवंतची माझ्याकडे पाठ होती. मी ३८ मधला आठ घासला आणि तिथे शून्य काढलं. माझ्या आयुष्यातलं इतकं सुबक शून्य दुसरं नसेल.

कार्डावर तीस, पाटीवर तीस. दोघांच्या यंत्रांत शेहेचाळीस. म्हणजे लिहिणारा बरोबर, नेणारा चुकला.

चौकशीच्या खोलीत टेबलावर पाटी आणि दोन्ही यंत्रं ठेवली होती. माझा जबाब आधी झाला. मी सांगितलं, मी तीसची योजना दिली होती. मग जयवंतला बोलावलं. अधिकारी दक्षिणेकडचे, त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांनी पाटी त्याच्या हातात दिली आणि वाचायला सांगितलं. त्यानं सवयीनं ती दोन्ही हातांत धरली.

"खोली तीस," तो म्हणाला. "वेल आठ मिनिटं."

आणि थांबला.

या धंद्यातल्या माणसाला इथे काय दिसतं ते सांगायला हवं. तीस मीटरवर कोणी आठ मिनिटं लिहीत नाही. तिथे पंधरा-अठरा मिनिटं मिळतात. आठ मिनिटं अडतीसलाच लिहितात. मी खोली बदलली होती, वेळ बदलायची राहिली होती. खोलीतल्या बाकी कोणाला ते समजलं नाही. जयवंतनं पाटीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मी तेव्हाही बोलू शकलो असतो.

"हीच पाटी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हां," जयवंत म्हणाला. "हीच पाटी."

परतीच्या विमानात आम्ही शेजारी होतो. विमान सुटल्यावर तो म्हणाला, "सर, हात माज्या हातातनं सुटला." मी म्हटलं, "तू काय करणार होतास? मनाला लावून घेऊ नकोस." जणू त्याला मोठ्या मनानं माफ करत होतो. मग खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "आनि पंखा नाय तिथं आता. तुटलाय. देठ तेवढा उरलाय."

जयवंतचं कार्ड रद्द झालं. माझं राहिलं. आणखी सात वर्षं मी सहली नेल्या. दर दिवाळीला इथे लिहिलं.

जयवंत खाडीवर परतला. पण खाडीत आता पूर्वीसारखं मिळत नाही आणि डावा हात जाळं फेकायच्या कामाचा उरला नव्हता. पुढे घोडबंदरला एका नव्या वसाहतीत पोहण्याच्या तलावावर त्याला जीवरक्षकाचं काम मिळायचं होतं. गळ्यात शिट्टी, बसायला प्लास्टिकची खुर्ची, चार फूट पाणी. तिथल्या सेक्रेटरींनी मला फोन केला. "तुमच्याकडे होते ना ते? माणूस कसा आहे?"

मी म्हटलं, "माणूस चांगला आहे. पण..."

एवढंच. सेक्रेटरी म्हणाले, "समजलं, समजलं. लहान मुलं असतात हो इथे." पाटीबद्दल मी स्वतःला सांगू शकतो की घाबरलो होतो, समोर प्रेत होतं. फोन आला तेव्हा मी घरी आरामखुर्चीत होतो आणि चहा पीत होतो. त्या 'पण'ला कुठलीही सबब नाही. जयवंत वर गेला असता, सावरला असता, तर कधीतरी बोलला असता. मला तो खालीच हवा होता.

यंदा चैत्रात ठाण्याला डॉक्टरकडे निघालो होतो. कोळीवाड्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटोत जयवंतच्या गळ्यात टाय होता. त्यानं जन्मात टाय घातला नव्हता, फोटोवाल्यानं चिकटवला असणार. मी रिक्षा थांबवली नाही. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घेतला. नेहमीएवढाच होता.

त्यानंतर मला लिहायला बसायला पाच महिने लागले. वरचं सगळं लिहून झालं तेव्हा वाटलं, छापण्याआधी दोन घरी जायला हवं. पुढचं आहे ते जाऊन आल्यावर लिहीत आहे.

सायली आता कल्याणला माहेरी राहते. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. तिनं ग्लासाखालचं ओलं पुसलं. मग म्हणाली, "काका, निखिलला जाऊन महिना झाल्यावर मी भावाला घेऊन चेंदणीला गेले होते. त्या माणसाच्या दारात उभी राहून मी काय काय बोलले, माहितीये? सगळी आळी जमली होती. तो हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोसमोर मी त्याला खुनी म्हटलं."

मी मान खाली घातली.

"ते आता मी कुठे जाऊन परत घेऊ? सांगा ना. तुम्हाला तरी लिहायला अंक आहे." तिनं ग्लास उचलला. "या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी चेंदणीला गेलो. जयवंतला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको, सुमनवहिनी, ओट्यावर सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. सूप जरा बाजूला सरकवलं.

"बसा, सर. आता आलात?"

मी बसलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुमचा अंक आला का यंदाचा?"

"नाही अजून. का हो?"

त्या आत गेल्या आणि जाळ्याच्या नायलॉन दोरीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आल्या. अकरा दिवाळी अंक. अपघातानंतरचे सगळे.

"दर दिवालीला आनायचा. आनि मना वाचून दाखवायचा, मोठ्यानं. मना वाचता येत नाय ना. सगला अंक नाय, तुमचंच तेवढं. मना लय हसू यायचं, तो गनपतीवाला शेट नि काय काय. तो नाय हसायचा. वाचून झालं का अंक मिटायचा नि म्हनायचा, 'या वर्सी पन नाय.'"

मी गठ्ठ्याच्या दोरीची गाठ बघत होतो.

"दर वर्सी तेच. 'या वर्सी पन नाय.' मी इचारायची, काय नाय? तर बोलायचा नाय. मना वाटायचं, तुमी त्याचं नाव छापायचं कबूल केलं आसंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय होतं, सर?"

मी सांगितलं. पाटीवर अडतीस होतं, मी तीस केलं, त्याला माहीत होतं, तो बोलला नाही. सुमनवहिनी सुपातली सुकट बोटानं इकडची तिकडे करत ऐकत होत्या. मी पिशवीतून या लेखाची पानं काढून गठ्ठ्यावर ठेवली. म्हटलं, "यंदा लिहिलंय, वहिनी. सगळं. त्याचं नाव घालून."

त्यांनी पानांवर हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. मग ती उचलून माझ्या हातात दिली.

"वाचनारा गेला, सर," त्या म्हणाल्या. "मी काय करू याचं?"

घरी आल्यावर माळ्यावरून एक जुनी पाटी काढली. पुसली, पेन्सिलीला टोक केलं आणि त्या सकाळी जे लिहिलं होतं ते पुन्हा लिहिलं. खोली ३८. वेळ ८ मिनिटं. त्याखाली, बारा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते: निर्णय माझा, जयवंतनं हरकत घेतली होती. सही केली.

दोन दिवस झाले, पाटी डायनिंग टेबलावर आहे, नकाशा पसरायचो त्या जागी. काल मी ती उचलून मोठ्यानं वाचून पाहिली. पण आपली पाटी आपणच वाचलेली आमच्यात धरत नाहीत.